शालिकभाऊंचा रविवार

आमच्या कॉलनीत मटनाची सगळ्यात चांगली पारख ज्या माणसाला आहे, तो माणूस मटन खात नाही. मटनच काय, अंडं खात नाही, दूध पीत नाही, दही-ताक-लोणी-तूप यांतलं काही जिभेला लावत नाही, मधसुद्धा नाही. पायात रबराची चप्पल, कारण कातड्याची चालत नाही. पट्टाही त्याच कारणानं नाही, त्यामुळे पँट सुतळीच्या भरवशावर. आणि हाच माणूस दर रविवारी सकाळी आठ वाजता, हातात झाकणाचा डबा घेऊन, रहमानभाईंच्या मटनाच्या दुकानासमोर उभा असतो.

त्यांचं नाव शालिकराम. अकोल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी त्यांना शालिकभाऊ म्हणते आणि मी शाळेत मराठी शिकवते म्हणून ते मला मॅडम म्हणतात. नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात, ड्रेसर म्हणून. म्हणजे जखम धुणं, पट्टी बांधणं, बैल आडवा पाडून धरणं. पण खेड्यात त्यांना कोणी ड्रेसर म्हणत नाही. जो बोलावल्यावर येतो तो डॉक्टर, असा तिथला साधा हिशेब आहे.

मटन घ्यायची त्यांची पद्धत पाहायला मी एकदा मुद्दाम आमच्या ह्यांच्याबरोबर गेले होते. शालिकभाऊ आले. दुकानाबाहेर बोकड बांधलेला होता, त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. मग चार पावलं मागे येऊन दुकानाकडे पाठ करून उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत ऑर्डर द्यायला लागले.

"मांडीचं द्या. अर्धा किलो. दोन नळ्या टाका."

आत सत्तूर चालायला लागला. दोन घाव झाले आणि शालिकभाऊंनी पाठमोऱ्यानंच हात वर केला.

"हे मांडीचं नाई, रहमानभाई. मांडीचा आवाज असा येत नाई."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. रहमानभाईंनी मुकाट्यानं तो तुकडा बाजूला सारला. ते म्हणाले, "डॉक्टरसाब, एक बार तो घूम के देखो."

"पाह्यलं तं घेनार नाई. घेतलं नाई तं बायको काय खाईन?"

बोकडाशी काय बोलता, असं मी परत येताना विचारलं. "माफी मांगतो," ते म्हणाले, "बेबीच्या वतीनं. तिले यायले जमत नाई ना."

बेबी म्हणजे आमच्या बेबीवहिनी. माहेर वलगावकडचं, अंगणवाडीत सेविका, आणि हाताला मटनाची अशी चव की त्यांच्या घरचा मसाला भाजायला लागला की आमच्या गल्लीतल्या भल्याभल्या शाकाहाऱ्यांना खिडकीशी काहीतरी काम निघतं. लग्न ठरवायला शालिकभाऊ स्वतः त्यांना पाहायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला.

"मटन येते का?"

"करता येते," वहिनी म्हणाल्या. "तुमाले खाता येते का?"

तिथंच जमलं. हे मला वहिनींनीच सांगितलं, आणि पुढचंही. लग्नानंतर पहिल्यांदा मटन झालं तेव्हा घरभर पाहुणे होते. शालिकभाऊंनी सगळ्यांसमोर आपल्या वाटीतली नळी उचलली, ताटाच्या काठावर टोक-टोक-टोक अशी आपटली आणि आतला मगज बाहेर काढून तो वहिनींच्या भाकरीवर ठेवला. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून दर रविवारी नळी काढायची शालिकभाऊंनी आणि खायची वहिनींनी, हे ठरूनच गेलं. हाड कुठं ठोकलं म्हणजे मगज अख्खा सुटतो, हे ड्रेसरला माहीत असायचंच.

आणि मग त्यांची मुलगी पल्लवी दोन वर्षांची असताना शालिकभाऊंनी एके दिवशी दूध सोडलं. तीन दिवसांनी मटन सोडलं.

"दूध सोडून मटन खाल्लं असतं तं लोकं हासले असते," असं त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं. "म्हनून तेबी सोडलं. दुधाचं काई वाटलं नाई, मॅडम. मटन सोडतानी मातर रडू आलं."

घरात अर्थातच भडका उडाला. वहिनींचं म्हणणं असं की आपण एका मटन खाणाऱ्या माणसाशी लग्न केलं होतं आणि तो माणूस परस्पर बदलून दिला गेला. शालिकभाऊंना ते शंभर टक्के मान्य होतं. बोली मी मोडली, म्हणून मटन आणायचं काम माझं, असं ते म्हणाले. तुझ्या ताटाकडे पाहून मी एक शब्द बोलणार नाही, असंही म्हणाले. प्रश्न उरला पल्लवीचा. तिनं काय खायचं?

त्यावर आठ दिवस वाद झाला. एवढ्याशा लेकराचं दूध तोडता का, म्हणून वहिनींच्या आईनं वलगावहून येऊन मुक्काम ठोकला. शेवटी असं ठरलं की पोरीनं दोन्हीकडचं खायचं. बारा वर्षांची झाली की तिचं तिनं ठरवायचं, आणि ती जे ठरवील त्यावर दोघांनीही चकार शब्द काढायचा नाही.

शालिकभाऊंचं एक पालुपद आहे, "ज्याचं त्याले." दूध वासराचं आहे, ते वासराला. मध माशीचा, तो माशीला. कॉलनीतल्या पोरांचा बॉल त्यांच्या अंगणात पडला की बॉल फेकताना, "ज्याचं त्याले." पल्लवीच्या बाबतीतही तेच. तिचं तोंड, तिनं ठरवावं.

त्यांच्या स्वयंपाकघरात दोन फळ्या आहेत. वरच्या फळीवर शालिकभाऊंची भांडी, खालच्या फळीवर वहिनींची. भांड्यांवर नाव घालायची कला त्यांच्याकडेच आहे. एक जुना खिळा घासून टोकदार केलेला, आणि एक हातोडी. त्यांच्या प्रत्येक ताट-वाटीवर टिंबाटिंबांनी 'शा', वहिनींच्या प्रत्येकावर 'बे'. पुढं कॉलनीतले लोकही आपली भांडी त्यांच्याकडे आणायला लागले. सुटीच्या दिवशी त्यांच्या घरातून टोक-टोक ऐकू आली की समजावं, कुणाच्या तरी घरी लग्नातली भांडी आली आहेत. पल्लवीच्या ताटावर मात्र काहीच घातलेलं नव्हतं. ते बिननावाचं ताट घासून झालं की ज्या फळीवर जागा असेल तिथं जायचं. बाराव्या वाढदिवसाला त्याच्यावर नाव पडणार आणि त्याची फळी ठरणार, हे पल्लवीला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं.

दूध सोडल्यावर शालिकभाऊ स्वस्थ बसले असते तर ते शालिकभाऊ कसले? त्यांनी शेंगदाण्याचं दूध काढून पाहिलं, तिळाचं काढलं, आणि एका रविवारी आमच्याकडे सरकीच्या दुधाची खीर घेऊन आले. सरकी म्हणजे कापसातली बी, जी आमच्याकडे ढेप करून ढोरांना घालतात.

"गाय सरकी खाते आन् दूध देते," त्यांनी मला समजावून सांगितलं. "मी काय केलं, मधली गाय काढून टाकली."

खीर रंगानं पिवळट होती आणि चवीला गोणपाटात गूळ बांधून ठेवल्यासारखी होती. माझ्या सासूबाईंनी, ज्या माळकरी आहेत आणि कुणाचं मन मोडत नाहीत, एक वाटी संपवली. मग म्हणाल्या, "शालिकराम, पुढच्या वेळी गाय राहू दे."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्यानं आणि हळदीनं मळतात. शालिकभाऊ दरवर्षी जवसाच्या तेलाची बाटली घेऊन ओळखीच्या शेतकऱ्यांकडे जातात आणि लोण्याऐवजी ते लावायला सांगतात. लोकही लावतात, कारण वर्षभर हाच माणूस त्याच खांद्यांना मलम लावतो. अलीकडे बाटली पुरून उरते. बैलच कमी झालेत.

चहाचं एक वेगळंच. वऱ्हाडात कुणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. शालिकभाऊ "काळा द्या" म्हणतात. मग बाया गडबडतात, लिंबू शोधतात, आणि शेवटी पाण्यासारखा काहीतरी कप समोर येतो. तो ते एकटेच पितात. लग्नात, तेरवीत, मीटिंगमध्ये, सगळीकडे शंभर दुधाच्या कपांत त्यांचा एक काळा. त्यांच्याबरोबर कधी कोणी काळा चहा घेतलेला मी पाहिला नाही. मीही घेतला नाही. मला आवडत नाही.

हे सगळं कशामुळे, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ती वर्षं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची आणि सरकारी पॅकेजची होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर काय असणार ते माहीत असायचं, म्हणून आमच्या घरी पेपर मागच्या पानापासून वाचत. त्या दिवसांत खेड्यांमधून भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाई वाटल्या गेल्या. शालिकभाऊंची ड्यूटी तेव्हा हिवरखेडकडच्या गावांमध्ये होती. एका बाईला गाय मिळाली, गाय व्याली, गोऱ्हा झाला.

"त्या गोऱ्ह्याले वशिंड नसते, मॅडम," ते म्हणाले. "जू कुठं ठेवतीन? आपलं ऊनबी त्याले सहन होत नाई. म्हनजे तो कामाचा नाई. आन् घरात यायचं ते दुधाचंच. मंग त्याले कोन पाजते? दूर बांधला. मी तीनदा सलाईन लावली. सलाईननं का होते, त्याले त त्याची माय पाह्यजे होती. तो मेला आन् गायीनं पान्हा बंद केला. बाई म्हने, डॉक्टर, काईतरी करा. मंग मीच त्याचं कातडं काढलं, त्यात कुटार भरलं, शिवलं आन् गायीसमोर ठेवलं. तिनं ते चाटलं, आन् पान्हा सोडला. बाईनं त्याच दुधाचा चहा ठेवला माह्यासाठी."

"प्यायलात?"

"पेलो. तिनं मोठ्या मनानं केला होता. तिचं काई चुकलं नाई. मी तिच्या जागी असतो तं मीबी तेच केलं असतं. म्हनून तिले मी काई म्हटलं नाई. घरी आल्यावर मले म्हटलं."

एवढं बोलून ते उठले आणि आमच्या कढीपत्त्याला कीड लागली आहे, त्यावर तंबाखूचं पाणी मारा, असं सांगून घरात गेले.

हे बोलणं झालं ते त्यांच्या अंगणातल्या निंबाखाली, आणि तेही रविवारीच, कारण रविवारी दुपारी ते तिथंच जेवायचे. बाकी सहा दिवस तिघं एकत्र जेवत. रविवारी मटन उकळायला लागलं की शालिकभाऊ आपलं 'शा'चं ताट घेऊन बाहेर येत. निंबाखाली एक पत्र्याची बादली पालथी घालत, तिच्यावर बसत आणि घराकडे पाठ करून तुरीचं वरण आणि भाकर खात. दहा वर्षं. कॉलनीत सगळे म्हणायचे, बिचाऱ्याला वासानं मळमळतं. वहिनीही तेच म्हणायच्या, फक्त बिचाऱ्याला हा शब्द वगळून.

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. वहिनी रविवारी जेवायला बसायच्या आधी आमच्याकडे भिंतीवरून एक डबा द्यायच्या. सासूबाईंमुळे मटन आमच्या घरात शिजत नाही आणि आतही येत नाही, म्हणून डबा मागच्या जिन्यानं थेट गच्चीवर जायचा. मी आणि हे पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून तो संपवायचो. सुरुवातीला डबा लहान होता. वर्षा-दोन वर्षांत मोठा झाला. मांडीचे चांगले चांगले तुकडे त्यात असायचे, आणि वर, न चुकता, दोन्ही नळ्या.

"वहिनी, नळ्या तरी ठेवा तुम्हाला," मी एकदा म्हटलं.

"मी काय करू नळीचं?" वहिनी म्हणाल्या. "मले ते काढता येत नाई. आन् खरं सांगू का मॅडम, एकटीनं मटन नाई खाता येत. पोरगी दोन तुकडे खाते आन् उठते. समोर कोनी बोट चाटनारं पाह्यजे. इथं मी खाऊन राह्यली आन् नवरा बाहेर नाक धरून बसला. माह्या घशाखाली काय उतरते?"

"मग करता कशाला?"

"ते एवढं पाहून-पारखून आनतात. नोको म्हटलं तं त्याइले वाटीन, माह्यापायी हिनं सोडलं. जीव खाईन त्याइचा ते."

म्हणजे खाणारी खात नव्हती, आणणारा आणत होता, आणि पोटं आमची भरत होती. हे मला आठ वर्षं माहीत होतं. मी शालिकभाऊंच्या कानावर का नाही घातलं? दुसऱ्याच्या संसारात कशाला तोंड घालायचं, असं मी स्वतःला सांगायची. पण तोंड मी त्यांच्या डब्यात घालतच होते. डबा बंद पडेल, हे खरं कारण.

पल्लवी बारा वर्षांची व्हायला आली तशी वहिनींची घालमेल वाढली. मुलगी शांत, बोलायला कमी आणि बापासारखीच जनावरांच्या मागं. त्या वर्षी ती बाबांबरोबर जवसाची बाटली घेऊन बैलांचे खांदे मळायला गेली होती, आणि तेव्हापासून रविवारचे दोन तुकडे एकावर आले होते. वहिनींनी ते पाहिलं होतं. अंगणवाडीतून येताना त्या माझ्याशी फाटकात थांबल्या.

"ती बापाकडं जाईन, मॅडम."

"जाऊ दे की. तुमची मुलगीच राहील."

"ते समजते मले. पन मंग खालच्या फळीवर एकलं माहंच ताट राहीन ना." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदरानं रागारागानं पुसले. "ठरलं होतं म्हनून मी बोलनार नाई. पन मले वाईट वाटनार नाई असं काई ठरलं नव्हतं."

वाढदिवस रविवारी होता. शनिवारी संध्याकाळी मी भिंतीजवळ कढीपत्ता तोडत होते. पलीकडे शालिकभाऊ निंबाखाली खिळा आणि हातोडी घेऊन बसले होते, मांडीवर पल्लवीचं बिननावाचं ताट. पल्लवी आली आणि बादलीवर बसली. मी तिथून जायला हवं होतं. नाही गेले.

"बाबा, माझं ठरलं."

"उद्या सांगजो. उद्या हाय वाढदिवस."

"मी तुमच्याकडं. मटन नाई, दूध नाई. उद्यापासून काळा चहा."

शालिकभाऊंचा हात थांबला. मला वाटलं आता हा माणूस पोरीला उचलून घेईल. दहा वर्षं शंभर कपांत एक कप. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"पल्लू," ते म्हणाले, "आन् तुह्या मायचं काय?"

"आईचं काय? ज्याचं त्याले. तुमीच म्हनता."

"म्हनतो." त्यांनी ताटावरून उगीच हात फिरवला. "तू असं म्हनशीन याची मी वाट पाहून राह्यलो होतो. खोटं कावून बोलू? कोनी एकानं तरी संग बसून हा काळा चहा प्यावा असं मले लय वाटते. पन मी तिच्या ताटावरून उठून गेलो. आता तूबी उठशीन. ती एकटी पडीन, बेटा. तिनं काय पाप केलं? तिचं तं काई बदललंच नाई. बदललो मी."

"मंग काय मी मटन खाऊ? घास फिरते माह्या तोंडात."

"खा म्हनत नाई. पन रविवारी तिच्याजवळ बस. भाजी-भाकर घे, पन तिच्याजवळ बस. इथं माह्याजवळ नोको येऊ."

 मग पल्लवीनं एक प्रश्न विचारला, जो आम्हा मोठ्या माणसांपैकी कोणाला दहा वर्षांत सुचला नव्हता.

"तुमी कावून नाई बसत मंग? वास येते म्हनून?"

"वास?" शालिकभाऊ हसले. "बाई, मी दिवसभर सडलेल्या खुरांत हात घालतो. मले कशाचा वास येते? मटन सोडलं तेव्हा सुरवातीचे काई रविवार मी बसत होतो तिच्याजवळ. ती एक घास खाये आन् माह्याकडं पाहे. एक घास खाये, माह्याकडं पाहे. दोन घास खाल्ले की ताट सारून दे. मले वाटलं, मी समोर असलो तं ही पोटभर खात नाई. म्हनून बाहेर आलो. बाहेर आल्यापासून पातेलं पुरं रिकामं होते."

भिंतीच्या अलीकडे, ज्या बाईच्या पोटात ते पातेलं रिकामं होत होतं, ती हातात कढीपत्त्याची डहाळी धरून उभी होती. त्या क्षणी मला माझी जी लाज वाटली, ती मी आजवर ह्यांनासुद्धा सांगितलेली नाही.

मी भिंतीवरून डोकं वर काढलं. "शालिकभाऊ," मी म्हटलं, "पातेलं आम्ही रिकामं करतो."

त्यांना काही समजेना. मग मी सगळं सांगितलं. मोठा होत गेलेला डबा, मांडीचे तुकडे, आणि वहिनी काय म्हणाल्या ते. नळ्यांचं सांगताना आवाज जरा खाली गेला. शालिकभाऊ ऐकत होते आणि हातातला खिळा बोटांत फिरवत होते.

"नळ्याबी?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं. "आठ वर्षं."

"कशा काढता तुमी?"

"हे काडीनं कोरतात."

"काडीनं तुटते," ते खिन्नपणे म्हणाले. पल्लवी तेवढ्यात उठून घरात गेली होती. आत वहिनी भाकरी थापत होत्या. थापटण्याचा आवाज मध्येच थांबला आणि बराच वेळ परत सुरू झाला नाही.

रविवारी सकाळी शालिकभाऊ डबा घेऊन रहमानभाईंकडे गेले. बोकडाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलले, असं ह्यांनी येऊन सांगितलं. दुपारी शेजारून मसाल्याचा वास आला, पाठोपाठ रस्सा उकळल्याचा. मी खिडकीतून पाहिलं तर निंबाखाली बादली सुलटी ठेवलेली होती आणि तिच्यात पाणी भरलेलं होतं.

थोड्या वेळानं वहिनींनी भिंतीवरून हाक मारली. आज डबा येईल अशी मला आशा नव्हती, पण आला. लहान होता, पहिल्या वर्षी असायचा तेवढा.

"पल्लवीनं काय ठरवलं?" मी विचारलं.

"बापाकडं गेली," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून दोघं काळा चहा पिऊन राह्यले. तोंड वाकडं करते, पन पिते. ताट मातर खालच्या फळीवर ठेवते म्हने. वरची फळी तिच्या हाताले पुरत नाई, असं सांगते." त्या हसल्या. बारा वर्षांची पल्लवी तेव्हाच त्यांच्याहून उंच होती.

मी झाकण उघडून पाहिलं. चार तुकडे, रस्सा, वर कोथिंबीर.

"वहिनी, नळी..."

"नाई टाकली आज," त्या म्हणाल्या आणि पदर सावरत घाईनं वळल्या. "ज्याचं त्याले. जाते मी, ताटं वाढून ठेवली हायेत. थांबले हायेत दोघं."

मी डबा पदराखाली घेऊन मागच्या जिन्याकडे निघाले. सासूबाई व्हरांड्यात माळ ओढत बसल्या होत्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, टोक-टोक-टोक, जरा थांबून पुन्हा टोक-टोक.

सासूबाईंनी डोळे उघडले. "शेजारी काय ठोकून राह्यले वं?"

"पल्लवीचा वाढदिवस आहे ना," मी म्हटलं. "ताटावर नाव घालताहेत."